शिल्पोद्यान, स्त्री-शिल्पकारांचे

दगड, धातू, माती अशा माध्यमांत काम केलेल्या आद्य स्त्री-शिल्पकारांच्या स्मरणार्थ राखलेली, सर्वांना खुली बाग. इथे मान बाईच्या पुतळ्याला नसून बाईने घडवलेल्या कामाला असतो. आपल्या चौकांत जिजाऊ, सावित्रीबाई दिसतात. ते पुतळे घडवणारे हात मात्र बहुधा पुरुषांचेच.

इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथील बार्बरा हेपवर्थ यांची बाग सर्वपरिचित आहे. १९४९ पासून १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथे काम करत होत्या. बरीच शिल्पे आजही त्यांनी ठरवलेल्या जागीच आहेत. भारतात पिलू पोचखानवाला (१९२३–८६) यांनी भंगार धातूतून शिल्पे जोडली. मीरा मुखर्जी (१९२३–९८) तर गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात जाऊन घडव्यांकडून, म्हणजे तिथल्या धातू ओतणाऱ्या कारागिरांकडून, ओतकाम शिकल्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळायचे, वरून पुन्हा मातीचा लेप द्यायचा. भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत धातूचा रस उतरतो. विदर्भाला यांहून जवळची शिल्पकार शोधून सापडणार नाही.

विदर्भातल्या खेड्यात अशी बाग करायची तर पहिली गाठ काळ्या मातीशी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर उभा केलेला चौथरा काही पावसाळ्यांतच कलतो. मुरूम लागेस्तोवर पाया खणावा लागतो, हे गावच्या गवंड्याला सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पितळेला हात लावताच चटका बसतो. म्हणून धातू कडुनिंबाच्या सावलीत, दगड उघड्यावर. वैनगंगेकाठी मार्कंडा येथील वालुकाश्मातली मंदिरशिल्पे शतकानुशतके ऊनपाऊस सोसत आली आहेत. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांची तागाच्या दोरांना गाठी मारून केलेली कामे मात्र छपराखालीच हवीत.

बागेत जागा कोणाला द्यायची, हा प्रश्न खरा अवघड. कुंभारवाड्यात माती चाळणे, तुडवणे, रंग देणे ही कामे बाया करतात. परंपरेने चाकावर बसतो तो पुरुष, आणि नावही त्याचेच होते. भाद्रपद पौर्णिमेला घरोघरी बसणाऱ्या मातीच्या भुलाबाईच्या पाठीवर पुष्कळदा बोटांचे ठसे राहून गेलेले असतात. ते कोणाचे, हे तिथल्या म्हाताऱ्या बायांनाच विचारावे लागते.