सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स : हे तीन कप्पे आले कुठून?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही शाळेत दहावीच्या वर्गात विचारा, इंग्रजी वाक्याचे प्रकार किती? उत्तर तयार असतं : सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स. मराठीच्या तासाला तेच केवल, संयुक्त आणि मिश्र होतात. हे इतकं पाठ असतं की ही विभागणी भाषेइतकीच जुनी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती बरीच अलीकडची आहे. शिवाय ती घडली वाक्यं सोडवून दाखवण्यासाठी, जोडण्यासाठी नव्हे. आजही आपल्या मुलांना वाक्याचा प्रकार ओळखता येतो, पण चार वाक्यांचा सलग परिच्छेद लिहिताना ती अडतात. माझ्या मते त्याचं मूळ या इतिहासात आहे.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांचं, १५८६ सालचं. ते लॅटिनच्या साच्यात बसवलेलं होतं आणि त्यानंतरची बरीच व्याकरणंही मुख्यतः शब्दांच्या जाती आणि रूपं यांतच रमली. वाक्याकडे नीट लक्ष जायला अठरावं शतक उजाडलं. रॉबर्ट लाउथ यांचं व्याकरण १७६२ चं, लिंडले मरे यांचं १७९५ चं. मरे यांचं पुस्तक पुढे कित्येक दशकं शाळाशाळांतून चाललं. त्यात वाक्याचे प्रकार दोनच : सिंपल आणि कंपाउंड. एकाहून अधिक क्रियापदांचा संसार असला की वाक्य कंपाउंड. 'पाऊस थांबला आणि होड्या निघाल्या' हेही त्यात आणि 'पाऊस थांबला तेव्हा होड्या निघाल्या' हेही त्यातच.

कॉम्प्लेक्सचा तिसरा कप्पा शाळांत रुळला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि तोही जर्मनीतून येऊन. कार्ल फर्डिनांड बेकर या जर्मन व्याकरणकाराने गौण वाक्याकडे, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या 'पाऊस थांबला तेव्हा'सारख्या भागाकडे, वेगळ्या नजरेने पाहिलं : ते मुख्य वाक्यात नामाचं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं काम करतं? इंग्लंडमधले शाळा-तपासनीस जे. डी. मोरेल यांनी ही पद्धत १८५२ च्या आपल्या पुस्तकातून इंग्रजी शाळांत आणली. ती झपाट्याने पसरली याचं मला नवल वाटत नाही. तिच्यामुळे वाक्याचे तुकडे पाडून तक्त्यात भरता येऊ लागले आणि तक्ता तपासणं सोपं असतं. आपल्याकडचं 'वाक्यपृथक्करण' ते हेच.

याच काळात आपल्या किनाऱ्यावर काय चाललं होतं, हे पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं तेव्हा पानावर दोन स्तंभ होते, एक इंग्रजीचा, एक मराठीचा. दोन्ही भाषांची वाक्यं अशी शेजारी-शेजारी छापून येणं ही मोठी घटना होती. तोवर मराठी गद्याचा रोजचा व्यवहार मोडीत चालायचा. मोडीत शब्द न तोडता ओळ पुढे जायची, विरामचिन्हं नसायची. 'येऊन, भेटून, बोलून' असं करत मजकूर लांबत जायचा. वाक्य नेमकं कुठे संपलं हा प्रश्न तिथे फारसा पडतच नव्हता. इंग्रजीशी गाठ पडल्यावर तो पडला. वसईजवळच्या तर्खडचं आडनाव लावणारे दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण इंग्रजीच्या धर्तीवर लिहिलं. मेजर कँडी यांनी १८५० मध्ये मराठीसाठी विरामचिन्हांची पुस्तिका काढली. पूर्णविराम आला आणि वाक्य मोजता येऊ लागलं.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, दोन वर्षांनी मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली आणि इंग्रजी व्याकरण हा कोकणातल्या हुशार मुलासाठी नोकरीचा रस्ता बनला. तर्खडकर हेच नाव पुढे भाषांतर पाठमालेमुळे घरोघरी पोचलं : मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची संस्कृत पाठ्यपुस्तकंही अशाच दुहेरी भाषांतरावर उभी आहेत. मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांचं मोठं मराठी व्याकरण १९११ मध्ये आलं. तोवर इंग्रजी पद्धतीचा वाक्यविचार आपल्याकडे चांगलाच मुरला होता.

वाक्यं जोडण्याचा वेगळा धडा भारतीय शाळांत रुजवण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात जे. सी. नेसफिल्ड यांना जातं. ते उत्तर भारतात शिक्षण खात्यात होते. १८९० च्या दशकात त्यांनी इथल्या शाळांसाठी जी पुस्तकं लिहिली त्यांत 'सिंथेसिस', म्हणजे वाक्यसंश्लेषण, याला स्वतंत्र जागा होती. मग १९३० च्या दशकात आलं रेन आणि मार्टिन यांचं शालेय इंग्रजी व्याकरण. यांतले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले, कराचीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक राहिलेले. दोन-तीन साध्या वाक्यांचं एक साधं वाक्य कसं करावं, याच्या किती तऱ्हा त्या पुस्तकात आहेत : धातुसाधित ('हॅविंग रीच्ड'सारखं रूप) वापरून, समानाधिकरण नाम (त्याच व्यक्तीची ओळख सांगणारं दुसरं नाम) लावून, शब्दयोगी अव्यय आणून, इन्फिनिटिव्ह ('टु गो'सारखं रूप) घेऊन. मला हा त्या पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. शिकवताना मात्र तो हमखास घाईत उरकला जातो.

मराठी मुलाला यातलं काय जड जातं ते एका उदाहरणातून बघू. 'दाभोळला पोहोचून आम्ही तिकीट काढलं.' इथे पोहोचणारे आणि तिकीट काढणारे एकच. इंग्रजीत 'हॅविंग रीच्ड दाभोळ, वी बॉट टिकेट्स' अगदी बरोबर. आता 'आम्ही दाभोळला पोहोचल्यावर फेरीबोट सुटली.' इथे कर्ते दोन. मराठीने 'ऊन' सोडून 'ल्यावर' घेतलं, कारण 'पोहोचून फेरीबोट सुटली' असं म्हटलं तर पोहोचली ती फेरीबोटच. मुलं दोन्हीकडे 'हॅविंग' लावतात आणि 'हॅविंग रीच्ड दाभोळ, द फेरी लेफ्ट' लिहून मोकळी होतात. दुसऱ्या वाक्याला 'आफ्टर वी रीच्ड दाभोळ' हवं. म्हणजे जो नियम इंग्रजीचा म्हणून घोकायला लावतात, तो मूल घरी मराठीत न चुकता पाळतच असतं. 'ऊन' आणि 'ल्यावर' फळ्यावर शेजारी लिहिले तर निम्मं काम तिथेच होतं. ज्यांनी संस्कृत घेतलंय त्यांना सति सप्तमीची, म्हणजे वेगळा कर्ता असलेल्या तशाच संस्कृत रचनेची, आठवण करून दिली की रेन-मार्टिनमधलं 'द सन हॅविंग सेट' (सूर्य मावळल्यावर) हेही कोडं राहत नाही.

दुसरी अडचण 'जरी-तरी'ची. 'जरी वारा सुटला होता, तरी होड्या गेल्या.' मराठीत जोडी लागते, म्हणून मूल 'ऑल्दो'च्या पुढे 'बट' टाकतं. आजच्या इंग्रजीत ती चूक आहे. पण मरे यांच्या काळच्या व्याकरणात 'दो'च्या जोडीला 'येट' रीतसर सांगितलेलं होतं आणि ती जोडी आपल्याकडच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. 'येट' अजून चालतं, 'बट' चालत नाही. मुलाला दोन अव्ययांची गरज वाटते ती काही वेडेपणातून नव्हे, एवढं शिक्षकाने ओळखलं तरी पुष्कळ झालं.

विसाव्या शतकात हाच विषय अमेरिकेत नव्याने पुढे आला. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ च्या पुस्तकाने मूळ छोट्या वाक्यांतून मोठी वाक्यं कशी घडतात हा विचार चालवला. त्याच्या आधारे जॉन मेलन यांनी १९६९ मध्ये सातवीच्या मुलांकडून वाक्यजोडणीचा सराव करून घेतला. फ्रँक ओहेअर यांनी १९७३ मध्ये त्यातली व्याकरणाची परिभाषा पूर्ण काढून टाकली, फक्त जोडणी ठेवली. मुलांचं लेखन तरीही सुधारलं. पुढे २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा किशोरवयीन मुलांसाठी उपयोगी ठरलेल्या अकरा पद्धतींत वाक्यजोडणी होती. सुटं व्याकरण शिकवणं त्या यादीत नव्हतं.

आपल्या परीक्षेत मात्र अजून 'नो सूनर... दॅन वापरून लिहा', 'सो... दॅट काढून टू... टु घाला' असंच विचारलं जातं. एकच उत्तर बरोबर धरायचं म्हणजे तपासणाऱ्याला सोयीचं. कोकण मंडळाचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात वरचा लागतो, तेव्हा हे प्रश्न आपल्या मुलांना चांगले येतात यात शंका नाही. ओहेअरच्या पद्धतीत चार सुटी वाक्यं देऊन 'तुम्हाला हवी तशी जोडा' म्हणता येतं, मग वर्गात पाच वेगळी उत्तरं येतात आणि कुठल्या वाक्यात वाऱ्यावर भर आहे, कुठल्यात होड्यांवर, यावर बोलावं लागतं. त्याला एक अख्खा तास जातो. दहावीच्या वेळापत्रकात तो काढायला मुख्याध्यापकांचीही तयारी लागते. आठवीत मात्र तो सहज काढता येतो आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी.