पिक्सार : पाचांत न धरलेला चित्रपट

पिक्सार या अमेरिकी ॲनिमेशन स्टुडिओची गोष्ट बहुधा संगणकापासून सुरू होते, आणि ते चूकही नाही. लुकासफिल्म या चित्रपट कंपनीने १९७९ मध्ये उभारलेल्या संगणक विभागातून ही मंडळी आली. १९८६ मध्ये हा गट ५० लाख डॉलरला विकला गेला. नव्या मालकाने आणखी तेवढीच रक्कम कंपनीत घातली. सुरुवातीचा धंदा महागडी यंत्रे विकण्याचा होता आणि तो बसला नाही. छोटे ॲनिमेशनपट म्हणजे त्या यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची जाहिरातच. त्यातल्या ‘टिन टॉय’ला ऑस्कर मिळाले, १९९१ मध्ये डिस्नेशी तीन चित्रपटांचा करार झाला आणि २२ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘टॉय स्टोरी’ आला. आठवडाभरात कंपनीचे शेअर बाजारात आले. हे सगळे पुष्कळदा सांगून झाले आहे.

त्या मानाने १९९७ च्या कराराकडे फारसे कोणी पाहत नाही. शेअर विकून हाती पैसा आल्यावर पिक्सारने डिस्नेशी नव्याने बोलणी केली. दहा वर्षांत पाच चित्रपट, खर्च निम्मा-निम्मा, नफाही निम्मा-निम्मा. डिस्नेचे वितरण शुल्क वेगळे. पण पात्रांची मालकी आणि सिक्वेल काढण्याचा हक्क डिस्नेकडेच राहिला. शिवाय हे पाच चित्रपट नव्या कथांचे हवेत, सिक्वेल त्यात धरायचा नाही, असे ठरले.

‘टॉय स्टोरी २’ तेव्हा थेट व्हिडिओवर विकण्यासाठी, स्वस्तात करायचा होता, त्यामुळे तो मोजायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. १९९८ मध्ये तो चित्रपटगृहांत लावायचे ठरले आणि भांडणाचे बी पडले. चित्रपटगृहात लागणारा, पूर्ण मेहनत खाणारा चित्रपट पाचांत धरा, असे पिक्सारचे म्हणणे. डिस्नेने कागदावर बोट ठेवले. कागद डिस्नेच्या बाजूने होता हे खरे. पण कामाचे स्वरूप बदलल्यावर हिशेबही बदलायला हवा होता, हे पिक्सारचे म्हणणे अवाजवी वाटत नाही.

मेहनत म्हणजे किती, ते पाहण्यासारखे आहे. पिक्सारमध्ये चित्रपट आधी स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांच्या चित्रमांडणीत, उभा राहतो. हजारो रेखाचित्रे, कर्मचाऱ्यांच्याच आवाजातले कच्चे संवाद आणि उसने संगीत जोडून स्टोरी रील बनते. काही महिन्यांनी ती सगळ्यांनी पाहायची, फोडून काढायची, पुन्हा रचायची. नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘टॉय स्टोरी’ची अशीच एक रील डिस्नेत इतकी आपटली की काम थांबवावे लागले, डिस्नेच्या सूचना पाळता पाळता चित्रपटाचा नायक वुडी नकोसा, खवचट झाला होता. ‘टॉय स्टोरी २’ची रील १९९८ च्या अखेरीस स्टुडिओतल्या मुख्य मंडळींनी पाहिली. डिस्नेला ती चालण्यासारखी वाटत होती, यांना नाही. प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती. कथा नव्याने रचून अख्खा चित्रपट नऊ महिन्यांत केला गेला. संपता संपता सुमारे एक तृतीयांश लोकांना सततच्या संगणककामाने हातांचे दुखणे जडले होते. त्याच चित्रपटाच्या फायली आधी एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या होत्या. बॅकअप निकामी निघाला आणि घरून काम करणाऱ्या एका तंत्रप्रमुखाकडच्या प्रतीने निभावले. हा किस्सा नेहमी सांगितला जातो; त्या वाचवलेल्या कामातले बरेचसे पुढे कथा बदलल्यावर टाकूनच दिले, हे मात्र सांगायचे राहते.

‘ब्रेनट्रस्ट’ नावाची बैठक याच अनुभवातून पक्की झाली. इतर दिग्दर्शक आणि कथाकार रील पाहून दोष सांगतात; सूचना मानायची की नाही हे मात्र दिग्दर्शक ठरवतो. अर्थात ‘रॅटाटूई’ आणि ‘ब्रेव्ह’चे दिग्दर्शक अर्ध्यावर बदलले, म्हणजे ही मुभा अमर्याद नाही.

मोजणीचा वाद मिटला नाही. ‘अ बग्ज लाइफ’, ‘मॉन्स्टर्स इंक’, ‘फाइंडिंग नेमो’, ‘द इनक्रेडिबल्स’ आणि ‘कार्स’ असे पाच भरले. पुढच्या चित्रपटांची पूर्ण मालकी पिक्सारला हवी होती, आणि डिस्नेला फक्त वितरण शुल्क द्यायचे होते. जानेवारी २००४ मध्ये बोलणी फिसकटली. मग डिस्नेने आपला हक्क बजावून पिक्सारविनाच सिक्वेल काढण्यासाठी ‘सर्कल सेव्हन’ हा स्टुडिओ थाटला. तिथे ‘टॉय स्टोरी ३’ची पटकथाही लिहिली जात होती. २००५ मध्ये डिस्नेचा प्रमुख बदलला, जानेवारी २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरच्या शेअरमध्ये पिक्सार विकत घेतल्याची घोषणा झाली आणि सर्कल सेव्हन बंद पडला. पिक्सारचे लोक डिस्नेच्या ॲनिमेशनचेही प्रमुख झाले. थेट व्हिडिओवरचे सिक्वेल २००७ मध्ये थांबवले गेले.

गंमत म्हणजे सिक्वेलचा भडिमार त्यानंतर झाला. १९९५ ते २००९ या काळातल्या दहा चित्रपटांत सिक्वेल एकच होता. २०१० ते २०१९ मधल्या अकरांपैकी सात जुन्या पात्रांचे. महासाथीत ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ या तीन नव्या कथा डिस्ने प्लस या ऑनलाइन सेवेवर गेल्या, तर २०२२ मध्ये ‘टॉय स्टोरी’च्याच पात्रावरचा ‘लाइटइयर’ चित्रपटगृहांत लागला, आणि तो चालला नाही. मे २०२४ मध्ये सुमारे १४ टक्के कर्मचारी कमी केले गेले. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘इनसाइड आऊट २’ने जगभरात १.६ अब्ज डॉलरहून अधिक कमावले. जून २०२५ मधल्या ‘एलिओ’ या नव्या कथेला अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे २.१ कोटी डॉलर मिळाले, स्टुडिओच्या इतिहासातली सर्वांत कमी सुरुवात. ‘टॉय स्टोरी’च्या पाचव्या भागाची घोषणा २०२३ मध्येच होऊन गेली होती.