पदव्युत्तर प्रवेशाचा कॅप अर्ज: पर्सेंटाइल चांगला असूनही नाव ‘ओपन’मध्ये का जाते?

एमबीए, एमसीए, एमटेकच्या प्रवेशाचा हंगाम आला की एक तक्रार हमखास कानावर येते. पर्सेंटाइल चांगला आहे, हवे ते कॉलेज आवाक्यात आहे, पण गुणवत्ता यादीत नावापुढे स्वतःचा प्रवर्ग नाही, ‘ओपन’ लिहिले आहे. मुलगा किंवा मुलगी कुठे कमी पडलेली नसते. एखादा दाखला जुन्या तारखेचा असतो, एखादा मिळालेलाच नसतो, किंवा पावती लावून मूळ प्रमाणपत्र जमा करायची तारीख हुकलेली असते. म्हणून या लेखात फॉर्म कसा भरायचा यावर फार वेळ घालवलेला नाही. तो भरता येतो. जिथे अर्ज अडकतात, तिथेच थांबू या.

एमए, एमकॉम, एमएस्सीचे प्रवेश विद्यापीठे आणि महाविद्यालये आपापल्या पातळीवर करतात, त्यांचे नियम वेगळे. इथे बोलतो आहोत ते महाराष्ट्र राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेबद्दल. तिलाच सगळे ‘कॅप’ म्हणतात.

सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. हे वाक्य कितीही वेळा सांगितले तरी दरवर्षी काही मुले निकाल लागल्यावर कॉलेजच्या यादीची वाट बघत घरी बसून राहतात. निकालानंतर कॅपसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळे शुल्क भरावे लागते आणि कागदपत्रे तेव्हा अपलोड करावी लागतात. एमटेकला तर राज्याची सीईटीच नाही. तिथे आधी गेट या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी परीक्षेचा स्कोअर असलेल्यांना जागा मिळतात, उरलेल्या पदवीच्या गुणांवर. त्यामुळे परीक्षेचा हॉलतिकीट नसलेल्या या मुलांना कॅपची नोंदणी कधी सुरू झाली हे कोणी सांगायला येत नाही. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर स्वतःच नजर ठेवावी लागते.

पात्रतेची अट वरवर सोपी आहे: पदवीला किमान 50 टक्के, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना 45 टक्के. पण ही पाच टक्क्यांची सवलत फक्त महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना आहे. दुसऱ्या राज्याचा जातीचा दाखला असेल तर उमेदवार इथे खुल्या प्रवर्गात धरला जातो. यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. समजा, पदवीला 47 टक्के आहेत आणि प्रवर्ग ओबीसी. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचा कागद, वेळेत आले नाही म्हणून अर्ज खुल्या प्रवर्गात गेला, तर नुसती राखीव जागा जात नाही. खुल्या प्रवर्गाला 50 टक्के लागतात, त्यामुळे तो उमेदवार अपात्रच ठरतो. सीईटीत कितीही गुण असोत, उपयोग नाही. ज्यांची पदवी 45 ते 50 टक्क्यांच्या मध्ये आहे, त्यांनी पुढचा भाग दोनदा वाचा.

आधी नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंब मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला. एससी आणि एसटी सोडून बाकी राखीव प्रवर्गांना, म्हणजे ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना तो लागतो. हा दाखला असतो बहुतेकांकडे, पण गोंधळ तारखेचा होतो. दाखला हातात घ्या आणि मजकुराच्या शेवटी शेवटी जिथे ‘पर्यंत वैध’ असे लिहिलेले असते ती ओळ वाचा. कधी काढला ते महत्त्वाचे नाही. 2025 च्या फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये ताजाच वाटतो. पण त्यावर 31 मार्च 2025 लिहिले असेल तर 2025-26 च्या प्रवेशाला तो चालत नाही. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, ते वर्ष संपतानाच्या 31 मार्चपर्यंत तो वैध असायला हवा. काहींना तीन वर्षांचा मिळतो, काहींना एकाच वर्षाचा. ‘ताईचा तीन वर्षांचा होता, माझाही असेल’ असे धरून चालू नका.

एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकावा. जूनमध्ये दहावी, बारावी, पदवी अशी सगळी गर्दी एकाच वेळी सेतू केंद्रावर येते, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल अडतो आणि फाइल प्रांत कार्यालयात पडून राहते. अर्ज केल्याची पावती नीट जपा. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करता येते. हा कायदा लोकांसाठी केला आहे, पण खिडकीवर त्याची आठवण क्वचितच कोणी करून देते. आणखी एक: आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी काढलेला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात असतो. कॅपला राज्याचा नमुना लागतो. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही काढा.

लग्न झालेल्या मुलींना इथे हकनाक फेऱ्या मारायला लावतात. जात जन्माने ठरते, त्यामुळे जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरच निघतो. क्रीमी लेयर ठरवतानाही आईवडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचे उत्पन्न नव्हे. कोणी नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर शांतपणे हे सांगा. अर्जावर सासरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडा.

आता ज्या कागदापायी सर्वांत जास्त जागा जातात तो कागद, जात वैधता प्रमाणपत्र. विज्ञान शाखेच्या मुलांना बारावीच्या सुमारास त्याची गरज पडते, म्हणून त्यांच्याकडे ते असते. बीए, बीकॉम केलेल्यांना ते बऱ्याचदा कोणी मागितलेलेच नसते. तीन वर्षे जातीच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती मिळाली, तर हेच पुरेसे असणार असे वाटणे साहजिक आहे. मग एमबीएच्या अर्जात ‘वैधता’ हा रकाना येतो आणि घरात शोधाशोध सुरू होते.

जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. तो खरा आहे की नाही हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते, आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या तपासणी समित्या आहेत. समितीला तुमच्या दाखल्यापेक्षा तुमच्या आजोबा-पणजोबांची नोंद हवी असते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, आणि ओबीसी व एसबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखेच्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात होते आणि तेव्हाही जात हीच नोंदलेली होती, हे दाखवावे लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा हा सगळ्यात भक्कम पुरावा. गेले नसतील तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना 14, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकते. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या वाचून घ्याव्या लागतात. आजोबांचा कागद नसेल तर त्यांच्या सख्ख्या भावाचा शोधा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलत भाऊ यांच्यापैकी कोणाकडे आधीच वैधता असेल तर काम खूपच हलके होते. तिची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र जोडायचे. मामाकडची वैधता चालत नाही, हे लक्षात असू द्या.

अर्ज कुठल्या समितीकडे? जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला, तिथल्या. मुलगी पुण्यात शिकते आणि दाखला बीडचा आहे, तर फाइल बीडला. पुण्यात वेळ घालवू नये. पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल तर प्राचार्यांचे पत्र आत्ताच घेऊन ठेवा. पदवी झाल्यावर, मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर कुठलेच कॉलेज ‘हा आमचा विद्यार्थी’ असे लिहून द्यायला पुढे येत नाही. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झाले, असेही नाही. समिती त्रुटी काढते, ती कळवल्यावर उत्तर द्यावे लागते. दिलेला मोबाइल नंबर बंद असेल तर फाइल महिनोन् महिने तशीच पडते.

प्रमाणपत्र हातात नसले तरी समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडून कॅपचा अर्ज प्रवर्गातून भरता येतो. नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही अशी सोय असते. पण ही सोय काही दिवसांचीच असते. मूळ प्रमाणपत्र सादर करायची वेगळी तारीख वेळापत्रकात दिलेली असते, ती हुकली की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. वेळापत्रकात या दोन तारखा लांब लांब ओळींत असतात, म्हणून दोन्ही वहीत लिहून ठेवा. काही वर्षी सरकारने मुदतवाढ दिली आहे हे खरे, पण ती याही वर्षी मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

ईडब्ल्यूएसचा दाखला ज्यांना दुसरे कोणतेच आरक्षण लागू नाही त्यांच्यासाठी, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला एसईबीसी आरक्षण मिळाल्यापासून राज्याच्या प्रवेशांत त्यांना ईडब्ल्यूएसचा पर्याय राहिलेला नाही. जुना ईडब्ल्यूएसचा दाखला आहे म्हणून तोच लावणारे अजूनही भेटतात. एसईबीसीला जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर असे तिन्ही कागद लागतात.

बाकीचे पटकन. डोमिसाइल नसेल तर जन्म महाराष्ट्रात झाल्याचे दाखवणारा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला बघा, पण त्यावर नुसते गावाचे नाव असेल तर जिल्हा आणि राज्य असलेला कागद सोबत ठेवा. पदवी सीजीपीएमध्ये असेल तर टक्केवारी स्वतः काढू नका. 9.5 ने गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीतून आली, विद्यापीठांची सूत्रे वेगळी असतात. विद्यापीठाचेच रूपांतर प्रमाणपत्र घ्या. शिक्षणात खंड असेल तर तसे शपथपत्र द्या. जात, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेयर यांच्या दाखल्यांसाठी द्यायच्या शपथपत्रांना 500 रुपयांचा मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर ती चालतात. तरीही बाहेर बसलेला माणूस मुद्रांक विकतोच. गरीब घरातल्या पोरांकडून असे पैसे घेतले जातात, ते थांबायला हवे.

अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे संपले, असे नाही. छाननी ऑनलाइन घ्या किंवा केंद्रावर जाऊन, तुमचा अर्ज छाननी अधिकाऱ्याने ‘कन्फर्म’ करायला हवा. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो आणि कन्फर्म न झालेल्या अर्जाचे नाव गुणवत्ता यादीत येत नाही. रोज एकदा लॉगिन करा. तात्पुरती यादी लागली की प्रवर्ग, टक्केवारी आणि नाव तपासा, चूक असेल तर हरकत त्याच दोन-तीन दिवसांत नोंदवा. अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही. पसंतीक्रम भरताना पहिल्या जागी खरोखर हवे तेच कॉलेज टाका, कारण पहिली पसंती मिळाली की ती गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही.

फी परवडणार नसेल तर संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज कॅपबाहेर स्वतः भरते त्या जागेचा विचार करण्याआधी थांबा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते, आणि त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा तो अर्ज वेगळा भरायचा असतो, कॉलेज आपोआप भरत नाही. प्रवेश घेताना मूळ कागद तपासून लगेच परत मागा. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायला यूजीसीने 2018 मध्येच मनाई केली आहे. पुढच्या फेरीत चांगली जागा मिळाली तर हेच मूळ कागद तुम्हाला दुसऱ्या कॉलेजात न्यावे लागतील.