ओकचं लाकूड कोण कुजवतं?

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात बुचाच्या ओकच्या खोडांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा काढलेला दिसतो. ७ असेल तर त्या झाडाचं बूच २०१७ साली सोललं, पुढची सोलणी २०२६ मध्ये. दोन सोलण्यांत किमान ९ वर्षं जावी लागतात, आणि पहिल्या सोलणीसाठी झाड सुमारे २५ वर्षांचं व्हावं लागतं. इतक्या हिशेबानं जपलेल्या झाडाच्या बुंध्याशी एखाद्या सकाळी फळीसारखं कवक बाहेर आलेलं दिसलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. झाड गेलं का? ते त्या कवकाच्या नावावर अवलंबून असतं.

नावाचा शोध मात्र कवकापासून नाही, लाकडापासून सुरू करावा. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना घट्ट बांधून ठेवणारं लिग्निन. काही कवकं लिग्निनसुद्धा पचवतात. मागे फिकट, ओलसर, तंतुमय लाकूड उरतं. ही पांढरी कूज. दुसरी जात लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून सेल्युलोज तोडते आणि लिग्निन बरंचसं तसंच सोडते. असं लाकूड विटांसारखं चौकोनी तडकतं, बोटांत चुरलं तर त्याची तपकिरी पूड होते. ही तपकिरी कूज. जमिनीवर पडलेला एक ढलपा हातात घेतला तरी संशयित कवकांची निम्मी यादी गळून पडते.

तपकिरी कूज करणाऱ्यांत ओकवर ठळक दिसणारं कवक म्हणजे डिडालिया क्वेर्सिना. त्याच्या खालच्या बाजूला जाड भिंतींचा चक्रव्यूह असतो, म्हणून ग्रीक पुराणकथेत क्रीट बेटावर भूलभुलैया बांधणाऱ्या डेडॅलसचं नाव त्याला मिळालं. दुसरं फिस्टुलिना हेपॅटिका. कापलं तर कच्च्या मांसासारखं दिसतं, लाल रस गळतो. भिंगातून खालची बाजू पाहिली तर बारीक नळ्या एकमेकींना न चिकटता सुट्या उभ्या दिसतात. ही खूण पटली की शंका उरत नाही.

हे फिस्टुलिना खोडाचा गाभा खातं, तेही अगदी सावकाश. गाभ्यातल्या पेशी आधीच मेलेल्या असतात. मुळांकडून पाणी वर जातं ते बाहेरच्या जिवंत थरातून, त्यामुळे आतून पोकळ झालेला ओकही दशकानुदशकं पालवत राहतो. त्या ढोलीत घुबडं आणि वटवाघळं राहतात. असं झाड केवळ कवक दिसलं म्हणून तोडणं मला मोठा अन्याय वाटतो.

सदाहरित ओकच्या बुंध्याशी नेहमी भेटणारं फुस्कोपोरिया टोरुलोसा मखमली, तपकिरी आणि अनेक वर्षं टिकणारं असतं. त्याच्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तो काळा पडतो. ही त्याच्या कुळाचीच खूण. कोकणात जुन्या फणसावर येणारा, उगाळून हिरड्यांना लावतात तो फणसोंबाही याच गोतावळ्यातला.

भूमध्य सागराकाठचे उन्हाळे कोरडे ठणठणीत. मऊ कवकं बहुतेक शरद ऋतूतल्या पहिल्या पावसांनंतरच उगवतात. वर्षभर सापडतात ती कठीण फळ्यांसारखी, नाहीतर फांदीवर रंगाचा हात फिरवावा तशी पसरलेली पापुद्र्यासारखी. खरी विविधता या पापुद्र्यांत आहे, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वुइलेमिनिया कोमेडेन्स मेलेल्या फांदीची साल आतून उचलून उलगडते. पेनिओफोरा क्वेर्सिना फिकट गुलाबी-जांभळं, आणि वाळलं की कडा वळून खालची काळी बाजू दिसते. बाकीच्यांसाठी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचं माप आणि तंतूंचे प्रकार पाहावेच लागतात. तंतूंच्या रचनेवरून कवकं ओळखण्याची ही पद्धत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९३२ मध्ये मांडली, आजही ती चालते.

पण डोळ्यांची मर्यादा असतेच. द्राक्षवेलींच्या खोडात पांढरी कूज करणाऱ्या कवकाला युरोपात बराच काळ फोमिटिपोरिया पंक्टाटा म्हणत. डीएनए तपासल्यावर ती वेगळीच जात निघाली, आणि २००२ मध्ये फोमिटिपोरिया मेडिटेरेनिया हे नाव तिला मिळालं. २०१२ पासून आयटीएस हा डीएनएचा तुकडा कवकांचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, मानला जातो. त्यामुळे बाहेर काहीही उगवलेलं नसताना खोडाला भोक पाडून काढलेल्या भुश्श्यातूनही आतल्या कवकाचा पत्ता लागतो.

हे महत्त्वाचं, कारण ज्याची खरी धास्ती बाळगावी ते बिस्कोग्निऑक्सिया मेडिटेरेनिया बुंध्याशी फळी लावून आपली वर्दी देत नाही. ते झाडात वर्षानुवर्षं गुपचूप राहतं. दुष्काळानं झाड तहानलं की पसरतं, साल फाटते आणि फटीतून कोळशासारखा काळा, कडक थर दिसतो. तोवर ती फांदी, कधी कधी अख्खं झाड, हातचं गेलेलं असतं. आणि हिरव्यागार, निरोगी फांदीचा तुकडा बाहेरून निर्जंतुक करून प्रयोगशाळेत ठेवला, तर कित्येकदा त्यातूनही हेच कवक उगवतं.