गोवा पावडर ते नॅनो जेल: नायट्याच्या औषधामागचा इतिहास

कोकणात भातलावणी सुरू झाली की चिखल्या आणि जांघेतला नायटा पाठोपाठ येतात. कपडे पुरते वाळत नाहीत, घाम त्वचेच्या घड्यांत साचून राहतो आणि बुरशी फोफावते. टाकळ्याचा पाला चोळणं हा इथला जुना उपाय.

नायट्याच्या एका औषधाला तर गोव्याचंच नाव पडलं. ब्राझीलमधल्या आरारोबा झाडाच्या खोडातली पिवळसर भुकटी पोर्तुगीज व्यापारातून इकडे येई आणि ‘गोवा पावडर’ म्हणून विकली जाई. मुंबईच्या केम्प यांनी १८६४मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं. ती मूळची ब्राझीलची, हे उलगडायला आणखी दहा वर्षं गेली. तिच्यातलं क्रायसारोबिन गुणकारी होतं, पण कातडी जळजळे, कपड्यांवर डाग पडत आणि बोट डोळ्याला लागलं तर डोळा सुजे.

मग व्हिटफिल्डचं मलम आलं: ६ टक्के बेन्झोइक आम्ल, ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल. यातलं सॅलिसिलिक आम्ल वरची मृत कातडी सोलून काढतं. पुढे पोटातून घ्यायचं ग्रिसिओफल्विन आलं, क्लोट्रिमाझोल आलं, टर्बिनाफिन आलं. औषधं जालीम होत गेली, तरी ती पोचवण्याची अडचण सुटली नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, पण विटांच्या भिंतीसारखा: मृत पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे चुना. बुरशी याच थरात आणि केसांच्या मुळांशी राहते. ही औषधं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, आणि क्रीमचा बराचसा भाग घामाबरोबर पुसला जातो.

औषध चरबीच्याच सूक्ष्म कणांत भरायचं, ही कल्पना इथे उपयोगी पडली. बँगहॅम या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात लायपोसोम, म्हणजे चरबीच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या, ओळखले. १९८०मध्ये मेझाई आणि गुलशेखरम यांनी सशांच्या त्वचेवर लायपोसोममधलं स्टिरॉइड लावलं, तेव्हा साध्या मलमापेक्षा चौपट-पाचपट औषध त्वचेत साठलं. १९८८च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये इकोनाझोलचं लायपोसोम जेल बाजारात आलं. त्वचेवर लावायचं हे पहिलं लायपोसोम औषध बुरशीवरचं होतं, याचं आम्हाला विशेष वाटतं.

१९९०च्या दशकात घन चरबीचे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कण आले. चरबी तिच्या वितळबिंदूच्या ५ ते १० अंश वर वितळवून त्यात औषध मिसळायचं, तेवढ्याच गरम साबणी द्रावणात घुसळायचं, मग ५०० बारच्या आसपास दाबाने दोन-तीनदा होमोजिनायझर या कण बारीक करणाऱ्या यंत्रातून काढायचं. जास्त फेऱ्या दिल्या की तापमान चढतं आणि कण पुन्हा एकमेकांना चिकटतात. थंड झालेल्या चरबीचे स्फटिक हळूहळू घट्ट रचले जातात आणि आतलं औषध बाहेर ढकललं जातं. म्हणून पुढच्या पिढीत घन चरबीत थोडं तेल मिसळलं, त्यामुळे रचना विस्कळीत राहते आणि औषधाला जागा मिळते. एथोसोम म्हणजे अल्कोहोल घातलेले लायपोसोमसारखे कण; त्यांत २० ते ४५ टक्के अल्कोहोल असतं. टोपण सैल राहिलं तर ते उडून जातं, आणि चिरलेल्या बोटांच्या बेचक्यात ते झोंबतं. दमट उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली ट्यूब लेबलवरच्या तारखेपर्यंत टिकेलच असं नाही.

सूक्ष्म कण औषध पोचवतात, पण बुरशीच बदलली असेल तर तेवढ्याने भागत नाही. २०२०मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीच्या अनेक वाणांत टर्बिनाफिन जिथे पकडतं त्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकरामध्येच (एन्झाइममध्येच) बदल झालेला आहे. त्यात दुकानातून सर्रास मिळणारी क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड मिसळलेली क्रीम खाज थांबवतात, लाली लपवतात आणि बुरशीला पसरायला मोकळीक देतात.