अठराच्या आतलं कर्ज : जुना निकाल आणि नवा कागद

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातून हप्त्यावर घेतलेला मोबाईल असो, नाहीतर पतसंस्थेतलं वैयक्तिक कर्ज. कागदावर सही झाली तेव्हा कर्जदार अठराचा नव्हता, हे बहुतेक वेळा वसुलीची नोटीस दारात आल्यावरच घरच्यांच्या ध्यानात येतं. मग शाळा सोडल्याच्या दाखल्याची शोधाशोध सुरू होते. पतसंस्थेने तो दाखला सभासद करून घेतानाच बघायला हवा होता. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे व्यक्तीला सभासद व्हायचं तर ती करार करण्यास पात्र असावी लागते.

ही पात्रता येते १८७२ च्या करार कायद्यातून. मात्र अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाने केलेल्या कराराचं पुढे होतं काय, हे त्या कायद्याने स्पष्ट सांगितलं नव्हतं. उत्तर मिळालं १९०३ मध्ये, कलकत्त्याच्या एका दाव्यात. १८९५ साली एका मुलाने वीस हजारांच्या कर्जापोटी घर गहाण टाकलं. तो अज्ञान असल्याचं आईच्या वतीने आधीच कळवलेलं होतं, तरीही सावकाराच्या माणसाने गहाणखत करून घेतलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाने, ते खत मुळातूनच निरर्थक ठरवलं आणि पैसे परत देण्याचा हुकूमही दिला नाही.

खरा गुंता इथून पुढचा. त्या सावकाराला वय ठाऊक होतं. पोराने वय लपवलं असेल तर? लाहोरच्या न्यायालयाने १९२८ मध्ये अशी रक्कम परत करायला लावली. अलाहाबादने १९३७ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली. कायदा शिकणारी पोरं आजही या दोन निकालांवर वाद घालतात. अखेर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने मधला रस्ता काढला : अज्ञानाला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला, तेवढाच परत करायला न्यायालय सांगू शकतं. व्याज, दंडव्याज, वसुली खर्च अशी नेहमीची बेरीज त्यात बसत नाही. फोन हातात असेल तर प्रश्न सोपा आहे. उडवून टाकलेल्या पैशाला लाभ म्हणायचं का, यावर मात्र वकील तासभर बोलतील. शिक्षण, औषधपाणी अशा गरजेच्या गोष्टींची भरपाई मागता येते, पण ती त्याच्या मालमत्तेतून. त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी येत नाही. जामीनदाराचं काय, यावर न्यायालयांचंही एकमत राहिलेलं नाही.

वसुलीवाल्यांना हे सगळं पाठ असतं. म्हणून पोरगं अठराचं झालं की 'खातं नवं-जुनं करून घेऊ', म्हणजे जुनं येणं नव्या कर्जात वळवू, असा निरोप येतो. अज्ञानपणीचा करार सज्ञान झाल्यावर कायम करता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. पण नव्या कागदावर थोडी जरी नवी रक्कम हातात पडली, तर प्रकरण वेगळं वळण घेतं. घरच्यांनी सर्वांत जास्त जपायचं ते या सहीला.

पतसंस्थेकडे '१०१ चा दाखला', म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, हे आणखी एक हत्यार असतं. तो निघाला की दिवाणी दाव्याशिवाय जप्तीपर्यंत जाता येतं, आणि त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर आधी निम्मी रक्कम भरा. ज्याचा करारच झाला नाही त्याच्याकडून निम्मे पैसे आधी मागणं अन्यायाचं आहे, पण तरतूद तशी आहे. त्यामुळे दाखला निघण्याआधीच, सुनावणीत, जन्मतारखेचा पुरावा लेखी हरकतीसह देऊन पोच घेणं स्वस्त पडतं. पुढे रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयात याचिका, करायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. मुंबईच्या खेपा टळल्या.

अलीकडची डोकेदुखी पत अहवालाची, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीची. करार निरर्थक असला तरी थकबाकीची नोंद तशीच राहते आणि पुढे दुचाकीच्या कर्जाला आडवी येते. २००५ च्या पत माहिती कायद्याने ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला. एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते.