काडतुसाचा भाव आणि कायद्याचा इतिहास : सोलापूरच्या शिवारापासून नेमबाजीच्या रेंजपर्यंत

सोलापूर जिल्ह्यात परवान्याचं हत्यार असलेल्या शेतकरी घरात बहुधा बारा बोअरची बंदूक असते, एकनळी किंवा दुनळी. क्वचित कुठे थ्री फिफ्टीन (.३१५ इंच, म्हणजे आठ एम. एम.) रायफल. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या हातात आधी छर्ऱ्याची एअर रायफल येते आणि पुढे टू टू (.२२ इंच) रायफल. परदेशी मासिकांत काडतुसांच्या तुलनेचे लांबलचक तक्ते छापून येतात, त्यातली निम्मी नावं आपल्या दुकानात कधी येतच नाहीत. आपल्याकडे कोणतं काडतूस मिळतं आणि कितीला मिळतं, हे गोळीच्या गुणांपेक्षा दीडशे वर्षांच्या कायद्यांनी ठरवलेलं आहे. तो इतिहास कळल्याशिवाय भावांची तुलना नीट करता येत नाही.

१८५७ साली एनफील्ड रायफलीच्या कागदी काडतुसावरून काय पेटलं, ते शाळेतच वाचलेलं असतं. त्यानंतर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. दारूगोळ्याचं उत्पादन आपल्या मुठीत ठेवलं, आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. बारा बोअरच्या पुंगळीच्या (काडतुसाच्या नळकांड्याच्या) बुडावर किंवा आठ एम. एम.च्या पितळेवर ‘के. एफ.’ अशी अक्षरं दिसतात, ती या खडकीच्या कारखान्याची. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. म्हणजे आपल्याकडच्या देशी काडतुसाचं माहेर रेल्वेने चार-पाच तासांवर आहे. तरी त्याचा भाव मोकळ्या बाजारातल्या मालासारखा चढाओढीने उतरत नाही, कारण बनवणारा मुख्यतः सरकारी, विकणारा परवानाधारक आणि घेणाराही परवानाधारक.

आता थ्री फिफ्टीनची गोष्ट. लष्करी काडतूस प्रजेच्या हाती पडलं तर उद्या तेच आपल्यावर उलटेल, ही सरकारची जुनी धास्ती. १९०७ साली हिंदुस्थान आणि सुदानात .४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी आली. हत्ती-वाघाच्या शिकारीसाठी .४५० वापरणारे साहेब लोक अडचणीत आले आणि विलायतेतल्या बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ असे नवे व्यास काढले. गोळी जवळजवळ तीच, फक्त सैन्याच्या रायफलीत बसणार नाही अशी. .३०३ हे तर सैन्याचंच काडतूस, तेही नागरिकांना बंद. मग बी. एस. ए. कंपनीने ली-एनफील्डच्याच धाटणीच्या रायफलीला .३१५चं घर (नळीत काडतूस बसायची जागा) पाडून दिलं. या काडतुसाचा नमुना ऑस्ट्रियाच्या सैन्याचं १८९०च्या सुमाराचं आठ एम. एम. मॅन्लिखर. परक्या देशाचं असल्याने इथल्या सैन्याच्या हत्यारांत ते चालणारं नव्हतं, आणि म्हणूनच ते मान्य झालं. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली, काडतूस खडकीचं. बाकी जगाने केव्हाच मागे टाकलेलं हे काडतूस आपल्याकडे अजून चालू आहे, त्याचं कारण एवढंच. १९५९च्या शस्त्र कायद्याने निषिद्ध बोअर (नागरिकांना बंद असलेले व्यास) आणि अनिषिद्ध बोअर (परवान्यावर मिळणारे व्यास) ही भिंत तशीच उभी ठेवली.

याच कायद्याचं कलम १३ काडतुसांची तुलना करू पाहणाऱ्याने एकदा वाचावंच. त्यात परवान्याच्या सोप्या वाटा सांगितल्या आहेत : संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, पीकसंरक्षणासाठी ठासणीची (तोंडाकडून दारू भरायची) बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल. बाकी रायफलींसाठी सबळ कारण दाखवावं लागतं. शेतात बारा बोअर, क्लबात टू टू आणि थ्री फिफ्टीन विरळा, हे चित्र या एका कलमातून उभं राहिलं आहे.

शिकारीचं दार त्यानंतर बंद झालं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करण्याची जी फट उरली होती, ती १९९१च्या दुरुस्तीने बुजली. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. तिथल्या माळावर काळवीट आजही ज्वारीत उतरतात आणि शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं, पण काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेलं जनावर आहे. त्यावर बंदूक उचलायची नाही, वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागायची. रानडुक्कर आणि नीलगाय यांनी पीक उद्ध्वस्त केलं तर कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, आणि ती परवानगी हातात येईपर्यंत काडतुसाचा विचारही करू नये. डिसेंबर २०२०मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घातली गेली, तीही अशाच अधिकृत आदेशाने. म्हणून या लेखात ‘शिकारीचं काडतूस’ म्हणजे परवानगीने पीकसंरक्षणासाठी वापरलं जाणारं काडतूस, एवढाच अर्थ घ्यावा.

अशा कामासाठी गोळीचा प्रकार भावाहून महत्त्वाचा असतो. रायफलीच्या गोळीत मुख्य भेद दोन. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी आरपार जाते. मऊ नाकाच्या गोळीचं शिसं टोकाला उघडं असतं, ते अंगात शिरल्यावर फुलतं, जनावर जागच्या जागी पडतं आणि गोळीचा जोर बहुतेक आतच संपतो. या गोळीच्या इतिहासात आपल्या देशाचं नाव कायमचं कोरलं गेलं आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशी फुलणारी गोळी सैन्यासाठी बनली, तिचा बोभाटा झाला आणि १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. जनावराच्या बाबतीत मात्र तीच गोळी कमी यातना देणारी ठरते. कवचाच्या गोळीने जखमी झालेलं डुक्कर उसात शिरलं की ते तासन्‌तास तडफडतं, आणि मागावर जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

.३१५ची गोळी सुमारे २४४ ग्रेन, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा ढोबळ मानाने तीन हजार ज्यूल. टू टूची गोळी ४० ग्रेन, अडीच ग्रॅमहून किंचित जड, आणि ऊर्जा दोनशे ज्यूलच्या आत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की टू टूने रानडुक्कर का मारू नये, ते वेगळं सांगावं लागत नाही. टू टू स्वस्त आहे म्हणून ती या कामाला वापरणं म्हणजे जनावर नुसतं जखमी करणं. उलट टू टू खेळण्यातली असंही समजू नये. वर रोखलेल्या नळीतून सुटलेली तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाते. आपल्याकडची जमीन मुरमाड, खाली काळा पाषाण. सपाट कोनात लागलेली गोळी उसळते. मागे मातीचा बांध किंवा उतार नसेल तर कुठलीच रायफल झाडू नये.

बारा बोअरमध्ये भाव पुंगळी आणि दाण्यावर जातो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तो बारा बोअर. एल. जी., एस. जी. म्हणजे मोजके मोठे दाणे. पुढे आकडा वाढत जाईल तसा दाणा बारीक. पाखरं उडवायला बारीक दाणा, डुकरासाठी एल. जी. किंवा अखंड गोळी. आणि दाण्यांचा भरवसा तीस-पस्तीस मीटरपलीकडे धरू नये. जुन्या कागदी पुंगळ्या पावसाळ्यात ओल धरून फुगतात, घरात बसत नाहीत किंवा बसल्या तर निघत नाहीत. प्लॅस्टिकच्या पुंगळीला हा त्रास नाही. आणखी एक गोष्ट हमखास चुकते ती पुंगळीच्या लांबीची. ७० एम. एम. हा आकडा तोंड उघडल्यानंतरचा असतो. न झाडलेलं काडतूस ६५ एम. एम.च्या जुन्या बंदुकीत सहज बसतं, पण झाडल्यावर उघडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब धोकादायक वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचून मगच खोकं घ्यावं.

पीकसंरक्षणाच्या हत्याराला वर्षभरात दहा-वीस काडतुसं पुरतात, त्यामुळे नगाचा भाव थोडा इकडेतिकडे झाल्याने फरक पडत नाही. महाग पडतं ते जुनं काडतूस. वडिलांच्या वेळचं खोकं पत्र्याच्या कपाटात, मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वर्षानुवर्षं पडलेलं असतं. टोपी (बुडातला पेट देणारा भाग) मंदावते, दारूचा गुण बदलतो. घोडा पडून नुसताच ‘टक’ आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायची नाही. उशिरा पेट घेणारं काडतूस उघड्या खोबणीत फुटलं तर हात आणि डोळे दोन्ही जातात. पितळेवर हिरवट थर, तडा किंवा सैल गोळी दिसली तर ते काडतूस वापरातून बाद करून विक्रेत्यामार्फत किंवा पोलिसांमार्फत रीतसर निकाली काढावं. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं क्षार नळीत राहून गंज धरतं. ते तेलाने जात नाही, आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून मग तेल लावायचं.

नेमबाजीचं गणित याच्या अगदी उलट आहे. तिथे हजारोंनी गोळ्या उडतात आणि एकेका गोळीचा भाव वर्षाच्या खर्चात उतरतो. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१मध्ये स्थापन झाली. हत्यारांच्या आयातीवर १९८०च्या दशकात कडक बंधनं आली, पण नामवंत नेमबाजांना आयातीची वाट आणि शुल्कात सवलत राहिली. उत्तम .२२ काडतुसं आजही बाहेरून येतात : इंग्लंडची इली, जर्मनीची आर. डब्ल्यू. एस., लापुआ. जहाजभाडं, परवानगी, तुटवडा हे सगळं त्यांच्या भावात मिसळलेलं असतं. त्यामुळे सुरुवात एअर रायफलीनेच होते. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ एम. एम. व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफलीची ऊर्जा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा, आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा.

डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. कुठला व्यास आपल्या नळीला मानवतो ते नळीच ठरवते. रायफल पकडीत घट्ट बांधून प्रत्येक व्यासाचे दहा-दहा छर्रे कागदावर मारायचे आणि सगळ्यात बाहेर गेलेलं भोक पाहायचं. सरासरी पाहून फसगत होते, कारण स्पर्धेत गुण घालवतो तो एकटा भरकटलेला छर्राच.

टू टूचा जन्म १८८७चा, अमेरिकेतला. या काडतुसात टोपी वेगळी नसते. पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेच्या आत ओलं असताना फिरवून पसरलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरलं नाही तर मधूनच एखादं पेटत नाही किंवा वेग कमी-जास्त होतो. महाग आणि स्वस्त टू टूमधला फरक मुख्यतः इथे आणि गोळीच्या सारखेपणात असतो, वेगात नाही. उलट स्पर्धेचं काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास ठेवतात. जास्त वेगाची गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डगमगते आणि आडव्या वाऱ्यात जास्त वाहवते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवर संथ गोळीलासुद्धा अंदाजे २५ मिलिमीटर ढकलतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे दहाची गोळी थेट सातात. सोलापुरात जून-जुलैत जो वारा सुटतो, त्यात महाग खोकं घेऊन काही वाचत नाही; वाऱ्याची पताका वाचायला शिकणंच स्वस्त पडतं.

खर्चाचा अंदाज असा मांडावा. रोज ८० गोळ्या, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २०,००० गोळ्या : ५०च्या खोक्याने ४०० खोकी. सरावाच्या एका काडतुसाचा भाव एक एकक मानून उत्तम काडतूस त्याच्या तिप्पट भावाचं धरलं आणि सगळा सराव त्यावरच केला, तर खर्च साठ हजार एकक. १८,००० सरावाच्या आणि स्पर्धेपूर्वीच्या २,००० उत्तम असं वाटून घेतलं, तर अठरा अधिक सहा, चोवीस हजार. तेवढ्याच गोळ्या, चाळीस टक्के पैशांत. एअर रायफलीच्या ५०० छर्ऱ्यांच्या डब्या तेवढ्याच सरावाला चाळीस लागतात. नियमांनीही हात दिला : पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) पुरुषांना पूर्वी १२० गोळ्या माराव्या लागत, आता पात्रता फेरीत ६०. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ला कांस्यपदक मिळवलं, ते याच प्रकारात.

उत्तम काडतूस घेताना खोक्यावरच्या नावाइतकाच लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) महत्त्वाचा. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या दोन लॉटांत एकाच नळीतून वेगळे निकाल येतात. म्हणून आधी चार-पाच लॉटांचं एकेक खोकं मागवायचं, पन्नास मीटरवर पकडीतून प्रत्येकी दहा-दहाचे चार गट मारायचे आणि जो लॉट पसंत पडेल तो परवान्यावरच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम उचलायचा. महिनाभराने गेलं तर तो लॉट संपलेला असतो आणि चाचणीचा खर्च पाण्यात जातो. विक्रेता प्रत्येक खरेदी परवान्यावर चढवतो, तेव्हा लॉटची चाचणी सुरू करण्याआधी मर्यादेतला शिल्लक कोटा मोजून ठेवायचा. चाचणीची चार-पाच खोकीही त्याच कोट्यातून वजा होतात.